कनातीमागची सुई

अन्याय झाला तो हरेश नावाच्या बॉलरवर. तो मी. कधी झाला तेही सांगतो, कारण 'मागे कधीतरी' म्हटलं की लोक जांभई देतात. माघी गणपतीनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी, सेमीफायनल संपून फायनलचा टॉस व्हायच्या मधल्या वेळात. कुठे? पळस्पे फाट्याजवळच्या एका कापणी झालेल्या भातशेतात, स्टेजमागे लावलेल्या हिरव्या कनातीच्या आड. कोणी केला? ज्यांनी त्या दिवशी मला खेळायला आणलं होतं त्यांनी. आणि बघितला कोणी? सगळ्यांनी. मैदान भरलेलं होतं, मोबाइलवर लाइव्ह चालू होतं. मला दोघं जण दंडाला धरून कनातीमागे घेऊन गेले, आणि थोड्या वेळाने मी हात गरागरा फिरवत बाहेर आलो, तेव्हा माईकवरचा ओरडला, "आला रे आला, लास्टवाला आला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात माझ्या दोन्ही किडन्या बंद पडल्या. वय सव्वीस.

मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. न्हावा शेव्याच्या वाटेवर एका कंटेनर यार्डात काम करतो. तिथल्या कंत्राटी पोरांना उन्हात प्यायला पाणी मिळावं, पायात सेफ्टी बूट मिळावेत, म्हणून पत्रकं काढली, गेटवर वाटली, शिव्या खाल्ल्या. पत्रकाचा नियम साधा असतो: पहिल्या ओळीत सांगायचं, कोणावर काय झालं. तो नियम स्वतःवर वापरायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. हेही पत्रकच समजा. जरा लांब आहे, एवढंच.

उसना

आमच्याकडे भात कापून झालं की शेतांची मैदानं होतात. टेनिस बॉल, चार ओव्हरचा सामना, एका दिवसात तीन-चार सामने, आणि स्टेजवर हार घालून उभी केलेली बक्षिसाची बाइक. प्रत्येक गावाचा संघ एक-दोन खेळाडू बाहेरून आणतो. त्याला उसना म्हणतात. मी उसना बॉलर, तोही लास्ट ओव्हरचा. सगळा सामना बाउंड्रीवर उभं राहायचं, अंग थंड पडतं, आणि मग शेवटी हाक येते, "हरेश, ये." सहा बॉल. जिंकलो तर लोक खांद्यावर घेतात. हरलो तर तेच लोक विचारतात, "कुठून आणला रे ह्याला?"

ह्या रविवारी कर्नाळ्याच्या पायथ्याच्या गावाकडून खेळायचं, पुढच्या रविवारी त्याच गावाविरुद्ध. छातीवर दर वेळी वेगळं गाव, पाठीवर मात्र 'हरेश'. घरी ते टी-शर्ट इतके साठले की आई त्यांनीच लादी पुसते. एकदा मोठ्या लीगच्या लिलावात माझं नाव पुकारलं. कोणीच हात वर केला नाही. पुकारणाऱ्याने पाणी प्यायलं आणि पुढचं नाव घेतलं. म्हणजे मी काय होतो ते कळलं असेल. मोठा नव्हतो. पण सहा बॉलांत आठ रन वाचवायचे असतील, तर पनवेल-उरणमध्ये ज्यांना फोन जायचा त्यांत मी होतो.

आणि ह्या धंद्याचे दोन नियम कोणीही न शिकवता सगळ्यांना येतात. एक, ओव्हर टाकायच्या आधी पाणी प्यायचं नाही, पोट जड होतं. ओठ ओले करायचे आणि थुंकायचं. दोन, दुखलं तर सुई.

सुई म्हणजे दुखणं मारायचं इंजेक्शन. खांदा, गुडघा, कंबर, काहीही असो. प्रत्येक मोठ्या टुर्नामेंटला कनातीमागे एक जण पिशवी घेऊन बसलेला असतो. आमच्याकडे गुरू होता. कोणे एके काळी दवाखान्यात कंपाउंडर होता म्हणे. गुरूला कोणी विचारत नसे की बाटलीत काय आहे. भेळवाल्याला कोणी विचारतं का, चटणीत काय आहे?

त्या दिवशी मी सकाळी एक सुई घेतली होती. सेमीफायनलनंतर हात वरच जाईना. संघाचे मालक भाऊ, त्यांचे ट्रेलर चालतात, खुर्ची सोडून माझ्याकडे आले.

"काय झालं लास्टवाल्या?"

"भाऊ, हात मेला. फायनलला दुसऱ्या कोणाला तरी द्या ओव्हर."

"दुसरा कोन हाय? तुला काय पूजा करायला आनलाय? गुरू, हाय ना रं स्टॉक?"

"सकाळी दिलीय भाऊ त्याला," गुरू म्हणाला.

"मग आता दुपारची दे."

गुरू हसला. सगळेच हसले. मीसुद्धा हसलो, कारण वाक्य चांगलं होतं. दोघांनी दंडाला धरून मला कनातीमागे नेलं. तिथे आमचा कीपर सागर, माझा बालमित्र, माझ्या शेजारी आपल्या गुडघ्याला सुई घेत होता. तो म्हणाला, "हरेश, डोळे मीट, मावशी गोष्ट सांगते." पुन्हा हसलो.

फायनल जिंकलो. सकाळपासून पोटात एक वडापाव आणि बाटलीच्या झाकणाएवढं पाणी. बाइकवर बसवून माझे फोटो काढले.

मॅडमनी विचारलं

मंगळवारी तोंड सुजलं. आई म्हणाली, झोप जास्त झाली. बुधवारी बूट पायात जाईनात. उलट्या सुरू झाल्या. नाक्यावरच्या डॉक्टरने पित्त सांगितलं आणि खांदा दुखतोय म्हटल्यावर त्यानेही एक सुई मारली! गुरुवारी लक्षात आलं की कालपासून मी लघवीलाच गेलेलो नाही. हे लक्षात यायला माणसाला दीड दिवस लागतो. आपण श्वास मोजतो का? तसंच.

पनवेलच्या हॉस्पिटलात रक्त घेतलं आणि मला बाकावर बसवून ठेवलं. माझ्या आधी आलेले लोक औषध घेऊन गेले, नंतर आलेलेही गेले. मग एक सिस्टर धावत आली आणि म्हणाली, "उठू नका, खुर्ची आणते." मी म्हटलं, चालता येतं मला. ती म्हणाली, "उठू नका म्हटलं ना." तिच्या आवाजाने मी पहिल्यांदा घाबरलो.

किडनीच्या मॅडम वयाने माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी रिपोर्ट बघितला, मला बघितलं, पुन्हा रिपोर्ट बघितला.

"बरोबर कोण आहे?"

"आई आहे बाहेर. मला सांगा ना."

"किडन्या काम करत नाहीयेत. आज डायलिसिस करावं लागेल. आत्ता."

"कोणाच्या?" मी विचारलं. खरंच विचारलं. मला वाटलं त्यांच्या हातात चुकून दुसऱ्या माणसाचा कागद आलाय.

त्यांनी बरंच काही विचारलं. साखर? नाही. ब्लडप्रेशर? नाही. दारू? लग्नात. कसली गावठी औषधं, भस्म, पावडर, जिमचा डबा? नाही, नाही, नाही. "काही औषध चालू आहे? गोळी, इंजेक्शन?"

"नाही. काल नाक्यावरच्या डॉक्टरने पित्तावर एक इंजेक्शन दिलं, तेवढंच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. नाही. तिसऱ्यांदा आईला विचारलं. आई म्हणाली, "डोकं दुखलं तरी गोली खात नाय वो तो, इतका हट्टी हाय." मी मान हलवली. मी खोटं बोलत नव्हतो. मला आठवलंच नाही. औषध आजारी माणूस घेतो. सुई खेळाडू घेतो. ती बॅट, टी-शर्ट, बुटांच्या पिशवीत मोडत होती. कोणी विचारलं, औषध घेतोस का, तर बूट घालतो असं कोण सांगेल?

मशीन

मानेतून नळी घातली. रक्त बाहेर जातं, मशीनमधून फिरतं, परत येतं. पहिल्या दिवशी मी ते बघतच बसलो. आपलं रक्त पारदर्शक पाइपातून चाललंय आणि शेजारी सिस्टर दुसऱ्या सिस्टरला विचारतेय, "डब्यात काय आणलंयस?"

शेजारच्या बेडवर इझिकेल काका. बँकेतून रिटायर झालेले, इथल्याच यहुदी कुटुंबातले, मुलं-नातवंडं सगळी तिकडे इस्रायलात, अशदोदला. काका गेले नाहीत, म्हणाले, "तिथे मासे मिळतात, पण कोळीण मिळत नाही भांडायला." कित्येक वर्षं डायलिसिसवर. मशीनवर बसूनच ते मॅच बघायचे.

"तू बॉलर?"

"हो काका. टेनिसचा."

"किती ओव्हरची मॅच?"

"चार."

"चार?" काकांनी मोबाइल खाली ठेवला. "म्हणजे लग्नाला जाऊन नुसतं सरबत पिऊन परत यायचं. आणि तू त्यातली एकच ओव्हर टाकतोस? तू तर सरबतातला बर्फ झालास रे!"

मशीन लागल्यापासून पहिल्यांदा मी हसलो. नळी दुखली.

मला सर्वांत जास्त छळलं ते पाण्याने. मैदानावर भरलेली बाटली समोर असायची आणि मी थुंकायचो. इथे दिवसभराचं पाणी मोजून एका छोट्या बाटलीत. घसा लाकूड व्हायचा. काकांनी शिकवलं, बर्फाचा एक तुकडा गालात धरायचा, चघळायचा नाही, वितळू द्यायचा. ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांच्या पाया पडलो असतो. तुमच्या घरी कोणी ह्यातून जात असेल, तर डॉक्टरांना विचारा आणि बर्फाचा तुकडा द्या. आणि त्या माणसासमोर उभं राहून घटाघटा पाणी पिऊ नका. कृपा करा.

घरी वेगळीच लढाई चाललेली. किडनी बदलावी लागेल असं अजून कोणी म्हटलंसुद्धा नव्हतं. मॅडमचं म्हणणं इतकंच होतं, की कारण कळत नाही तोवर परत चालू होतील की नाही सांगता येत नाही, वाट बघू. पण आई-बाबा पॅसेजमध्ये भांडत होते. मला आत ऐकू येत होतं.

"माजी घ्या," बाबा म्हणाले. "रक्त एकच हाय आमचं."

"तुमची? तुमच्या किडनीला आधी रविवारच्या बाटलीतून सुट्टी द्या. माजी घेतील."

"तुला साखर हाय."

"मग? गोड किडनी मिलंल त्याला."

मग बाबांचा आवाज आला, फुटलेला. जन्मात ऐकला नव्हता तो आवाज. मी उशी तोंडावर घेतली. काकांनी आपल्या मोबाइलचा आवाज वाढवला. मुद्दाम. मला बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून.

सागर बोलला

सागर भेटायला आला तेव्हा मॅडम राउंडला होत्या. तो लंगडत आला. मला बघून त्याचं तोंड उतरलं, पण आमच्यात उतरलेलं तोंड दाखवायची पद्धत नाही. तो मॅडमना म्हणाला, "काय मॅडम, कशाला झोपवलाय आमच्या बॉलरला? गुरूला बोलवा, एक सुई मारंल, उद्या बॉल टाकंल हा."

मॅडम पुढच्या बेडकडे निघाल्या होत्या. थांबल्या.

"कसली सुई?"

"नेहमीची. दुखण्याची."

"कोण देतं? कधी?"

"मैदानावर देतात ना. रविवारी." सागर माझ्याकडे बघून हसला, मी सांगितलं नाही का, अशा नजरेने. "फायनलच्या दिवशी दोन घेतल्या ह्याने. मी पण."

मॅडम माझ्या बेडच्या कडेवर बसल्या. डॉक्टर कधी बेडवर बसत नाहीत.

"हरेश, किती वर्षं?"

मी हिशोब करायला लागलो आणि घाबरून थांबलो. हंगामातला जवळजवळ प्रत्येक रविवार. आणि प्रत्येक रविवार कोरडा, पाण्याशिवाय, उन्हात.

"मी तीनदा विचारलं," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मॅडम, ते... ते औषध थोडंच आहे?"

काकांच्या मोबाइलमधली कॉमेंट्री चालूच होती. मॅडम सागरकडे वळल्या. "तुझंही रक्त तपासायचं आहे. आज. खाली जा आणि देऊन ये."

"आज? मॅडम, रविवारी मॅच हाय. नंतर देतो."

आणि तो गेला. माझ्या मानेतली नळी बघून, मशीन बघून, सगळं ऐकून, तो गेला.

त्या दिवशी मला जे वाटलं त्याला मी अजून नाव शोधतोय. राग नंतर आला. आधी फक्त धक्का. यार्डात मी बोंबलत होतो की उन्हात माणसाला पाणी द्या. आणि रविवारी स्वतःच्या तोंडातलं पाणी थुंकत होतो, हसत हसत, टाळ्यांमध्ये.

शहाळी

भाऊ आले ते शहाळ्यांचा घड घेऊन. सोबत चार माणसं.

काका आपल्या बेडवरून म्हणाले, "ते इथे नका ठेवू साहेब. शहाळं आम्हाला विष. पोटॅशियम. हृदय बंद पडतं." भाऊंनी घड उचलून परत माणसाच्या हातात दिला. प्रत्येक जण शहाळंच आणतो. ज्याला कोणी सांगितलं नसेल, त्याच्यासाठी लिहून ठेवतो: किडनीच्या पेशंटकडे शहाळं नेऊ नका, आधी डॉक्टरला विचारा.

"भाऊ, त्या बाटलीत काय होतं?"

"आता ते काय मला म्हाईत? गुरू देतो. सगलेच घेतात."

"डॉक्टर आहे का तो?"

"हरेश, मी काय तुला विष दिलं? तूच बसलास ना सुई घ्यायला? तुला बांधून नेला होता?"

त्याला उत्तर सोपं नाही, हे कबूल. बांधून नव्हता नेला. दंडाला धरून नेला होता. फरक आहे, आणि तो फरकच ह्या सगळ्या धंद्याचा पाया आहे. उसन्या माणसाला बांधावं लागत नाही. नाही म्हणालास तर पुढच्या रविवारी फोन येत नाही, बस.

"लवकर बरा हो," भाऊ निघताना म्हणाले. "एप्रिलमदी मोठी टुर्नामेंट हाय."

बाटलीभर

कारण कळल्यावर मॅडमना थोडी आशा वाटायला लागली. मला नव्हती. मग एका सकाळी सिस्टरने दिलेल्या भांड्यात तळ झाकेल एवढी लघवी झाली. दुसऱ्या दिवशी जास्त. आठवड्याने भांडं भरलं. मी ते हातात धरून बाथरूममधून बाहेर आलो, करंडक आणतात तसा.

इझिकेल काका मशीनवर होते. त्यांनी एक बोट वर केलं आणि आख्ख्या वॉर्डात ओरडले, "आऊट!"

सिस्टर हसली, आई रडली. काकांना स्वतःला कित्येक वर्षांत एक थेंब झालेला नाही. मी जवळ गेलो तर म्हणाले, "जा रे. माझ्या वाटचीही करून ये."

नळी काढली. मशीन सुटलं. किडन्या परत आल्या, पण पूर्ण नाही. आता आयुष्यभर तपासण्या, जपून खाणं, आणि दुखण्याची कुठलीही गोळी नाही, सुई तर नाहीच. बॉल टाकायचा नाही असं मॅडम म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "खांदा दुखला तर थांबायचं." लास्ट ओव्हरमध्ये थांबणाऱ्याला कोण बोलावणार? टी-शर्ट उरलेत तेवढे आईला लादीला पुरतील.

कनातीला दोन टोकं

एप्रिलच्या टुर्नामेंटला मी गेलो. बॉल टाकायला नाही. पत्रकं घेऊन. 'ही सुई किडनी खाते. मी पुरावा आहे.' खाली माझ्या मानेच्या जखमेचा फोटो. लोकांनी घेतली, वाचली, खाली अंथरून त्यावर बसले.

फायनलच्या आधी मी कनातीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. आत गुरू होता. सागर आला, गुडघ्याला रुमाल बांधलेला.

"हरेश, बाजूला हो."

"रक्त दिलंस का तपासायला?"

"नंतर देतो. बाजूला हो, लोक बघतायत."

"बघू देत. त्यासाठीच उभा आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या मानेकडे. मला वाटलं, जिंकलो. तो मागे वळला आणि गेला. माईकवरचा काहीतरी विनोद करत होता, लोक हसत होते, मी तिथेच उभा. थोड्या वेळाने सागर ग्लोव्ह्ज घालून मैदानात पळत उतरला. सरळ पळत होता. अजिबात लंगडत नव्हता.

मी कनात उचलून आत बघितलं. गुरू पिशवीची चेन लावत होता. पलीकडची बाजू उघडी होती. तिकडून आत आणलं होतं सागरला, दंडाला धरून.

सागरने अजून रक्त दिलेलं नाही. मी रोज फोन करतो. आता तो उचलत नाही.

तुम्ही ह्या टुर्नामेंटना जाता. मला माहीत आहे, मी बाउंड्रीवर उभा राहून तुमच्याकडे बघत मोठा झालोय. पुढच्या रविवारी एखादा खेळाडू लंगडत कनातीमागे जाताना दिसेल. तुम्हाला दिसतोच, दर वेळी. तेव्हा खुर्चीवरून उठा. त्याच्या हातात पाण्याची बाटली द्या. पिशवीवाल्याला विचारा, तू डॉक्टर आहेस का, आणि उत्तर येईपर्यंत हलू नका.

एका टोकाला मी उभा असेन. दुसऱ्या टोकाला तुम्ही या.